तपकिरी सिलिंडर

मुग्धा: फुगे उडाले नाहीत, हे मला तुमच्या नातीकडून कळावं, अण्णा? काल तुमच्या घरी, गणपतीच्या पंगतीत, तोंडात कडुबू असताना?

अण्णा: हळू बोल ग. बाहेर ऑफिसातली माणसं आहेत.

मुग्धा: असू देत! सहा वर्षांची पोर. "मुग्धाअक्का, आज्जांनी तुमच्या लॅबमधला गॅस भरून आणला होता माझ्या बड्डेला, पण फुगे वरच गेले नाहीत, सगळे जमिनीवर बसले." आणि तुमच्या पद्माअक्का हसत हसत मला तूप वाढतायत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

अण्णा: सुप्रीता लहान आहे. लहान पोरं सुम्ने काहीतरी बोलतात.

मुग्धा: सुम्ने नाही, उगाच नाही बोलली ती. कुठल्या सिलिंडरमधला गॅस होता?

अण्णा: स्वल्प थांब. कॉफी आणतो. मग बोलूं.

मुग्धा: नको मला कॉफी! कुठला सिलिंडर?

अण्णा: तपकिरी.

मुग्धा: तपकिरी म्हणजे हेलियमचा.

अण्णा: रंग हेलियमचा.

मुग्धा: "रंग हेलियमचा"! अहो, किती शांतपणे बोलताय. खाली उतरणारा हेलियम कुठे बघितलाय का तुम्ही? सव्वीस वर्षं या लॅबचे टेक्निशियन तुम्ही. पंप तुम्ही खोलता, काच तुम्ही फुंकता, गळती तुम्ही शोधता. फुगे फरशीवर बसले तेव्हा काय वाटलं तुम्हाला? फुगे वाईट होते?

अण्णा: पहिल्यांदा तसंच वाटलं, देवराणे, देवाची शपथ. दुसरे आणून भरले. तेही बसले. मग दुसऱ्या दिवशी इथे येऊन सिलिंडरच्या मानेवर कोरलेला नंबर बघितला. रंग खरवडता येतो, कोरलेलं खरवडत नाही. यशवंतपूरच्या गॅस कंपनीतून माल आला त्याचं चलन काढलं. त्या नंबरापुढे आर्गॉन लिहिलेलं.

मुग्धा: आर्गॉन.

अण्णा: आर्गॉन.

मुग्धा: मग तपकिरी कसा झाला तो?

अण्णा: मी केला. खंडे नवमीला. दर वर्षी करतो की, तुला ठाऊक आहे. यंत्रं धुवायची, सिलिंडर बाहेर काढून गंज खरवडायचा, नवा रंग, मग हळदकुंकू, शेवंतीची माळ. गेल्या साली दोन सिलिंडर इतके गंजलेले, की जुना रंगच कळेना. मानेला तारेनं बांधलेल्या पत्र्याच्या चिठ्ठ्या होत्या, त्या काढून खिडकीत ठेवल्या. परत बांधताना अदलाबदल झाली. हेलियमचा रिकामा सिलिंडर आर्गॉनच्या निळ्या रंगानं रंगवला, तो यशवंतपूरला परत गेला. आर्गॉनचा भरलेला तपकिरी होऊन इथे राहिला.

मुग्धा: आणि त्याला तुम्ही माळ घातलीत.

अण्णा: घातली. कापूरही ओवाळला.

मुग्धा: वा! पूजा करून माझ्या मुळावर आणून ठेवलात. अण्णा, तुमच्या नातीचा वाढदिवस कधी असतो?

अण्णा: जानेवारी. संक्रांत झाली की.

मुग्धा: माझा पेपर कधी गेला छापायला?

अण्णा: फेब्रुवारी.

मुग्धा: फेब्रुवारी! म्हणजे पंधरा-वीस दिवस होते तुमच्या हातात. एक वाक्य, अण्णा. "मुग्धा, तो हेलियम नव्हे." एवढं बोलायला किती वेळ लागतो? मूग गिळून बसलात. जुलैत पेपर छापून आला तेव्हाही बसलात. आज ऑगस्ट संपत आला.

अण्णा: तुला तोंड दाखवायची लाज वाटली.

मुग्धा: रोज तर दाखवत होतात! रोज सकाळी "आयितु का नाश्टा" विचारत होतात. मी काय छापलंय, ठाऊक आहे ना तुम्हाला?

अण्णा: ठाऊक नसायला काय झालं. कार्बन डायसल्फाइड.

मुग्धा: कडेला एकेक गंधक, मधे कार्बन. त्या रेणूचा आयन करायचा, पळवायचा आणि वाटेत गॅस भरलेल्या डबीतून न्यायचा. गॅसवर आपटला की फुटतो. कसा फुटतो ते बघायचं, हेच तर आपलं काम. हेलियम हलका, त्याची टक्कर म्हणजे टपली. टपलीनं कडेचा एक गंधक सुटावा, बस्. आणि मी सगळ्या जगाला काय सांगितलं? की नुसत्या टपलीनं मधला कार्बन उडून जातो, आणि कडेचे दोन गंधक एकमेकांना धरून पुढे येतात. वजन चौसष्ट. कुणी बघितलं नव्हतं असं! चौसष्टवर रेघेचा तो पीक, तो उंच सुळका, उभा राहिला, त्या दिवशी मी नाचले होते इथे.

अण्णा: मैसूरपाक वाटला होतास. वॉचमनलासुद्धा.

मुग्धा: आणि आत होता आर्गॉन! हेलियमच्या दहापट जड. ती टपली नव्हे, सोटा आहे तो. सोट्यानं हाणल्यावर कुणाचंही काहीही मोडेल, त्यात शोध कसला?

अण्णा: रागावू नको म्हणून मी कशाला सांगू. रागाव.

मुग्धा: तुमची परवानगी नकोय मला रागवायला! आणि त्या जर्मन लोकांचं पत्र? केवढ्या सभ्यपणे लिहिलं होतं त्यांनी. आम्ही हेलियम घेऊन तीनदा करून पाहिलं, चौसष्टवर काही दिसत नाही, कृपया आपला गॅस एकदा तपासाल का? कृपया! मी काय उत्तर दिलं, आठवतं?

अण्णा: आठवतं.

मुग्धा: "आपण आपलं यंत्र साफ करून पाहावं. आमच्याकडे नरसिंहराव नावाचे गृहस्थ सव्वीस वर्षं सिलिंडर हाताळत आहेत, त्यांच्या हातून अशी चूक होत नाही." तुमचं नाव घालून लिहिलं, अण्णा. नाक वर करून. आणि तो फॅक्स लावायला कोण गेलं होतं?

अण्णा: मी.

मुग्धा: वाचला होतात?

अण्णा: लावायच्या आधी वाचला. दोनदा.

मुग्धा: आणि लावलात!

अण्णा: लावला. पावती आणून तुझ्या टेबलावर ठेवली.

मुग्धा: काय माणूस आहात तुम्ही! एका आर्गॉनच्या फुग्यासाठी...

अण्णा: फुग्यासाठी नव्हे. बिंदुमाधवासाठी.

मुग्धा: कोण बिंदुमाधव?

अण्णा: स्टोअरमध्ये होता. तुझ्या आधी. एक डबा थिनर घरी नेला, गेट रंगवायला. आठ महिने सस्पेंड. मग चौकशी, मग बदली. त्याची बायको आमच्या घरी येऊन रडायची. मी सरकारी गॅस रबरी पिशवीत भरून घरी नेला, मुग्धा. चूक सांगायची म्हणजे ती कशी कळली तेही सांगायला हवं. डिसेंबरात रिटायर व्हायचं आहे मला. जीभच उचलेना.

मुग्धा: म्हणून माझी मान दिली.

अण्णा: होय. दिली.

मुग्धा: उठा. तो सिलिंडर सरळ मशीनच्या तोंडाशी जोडा. गॅसचाच आयन करून बघू. हेलियम असेल तर चारवर दिसेल, आर्गॉन असेल तर चाळीसवर.

अण्णा: चाळीसच दिसेल. मी नंबर बघितला आहे.

मुग्धा: तुमच्या बघण्यावर आता माझा काडीचा विश्वास नाही. जोडा!

(व्हाल्व्ह उघडल्याची फुस्स, पंपाची घरघर. पाच मिनिटं जातात. मग रेकॉर्डरचं पेन कागदावर खरडत वर जातं.)

मुग्धा: चाळीस.

अण्णा: चाळीस.

मुग्धा: चारवर रेघसुद्धा हलली नाही. पाच मिनिटं. पाच मिनिटांचं काम होतं हे, अण्णा! हे नोव्हेंबरात झालं असतं तर...

अण्णा: नोव्हेंबरात मी विचारलं होतं.

मुग्धा: काय विचारलंत?

अण्णा: नवा सिलिंडर लावला की पहिल्यांदा तोंडाशी लावून बघायचा, हा इथला नेम. मीच घातलेला. त्या दिवशी तुला विचारलं, लावून बघूं का. तू म्हणालीस, नको अण्णा, बघून झाल्यावर परत व्हॅक्यूम यायला दोन दिवस जातील, मला दिवाळीला पुण्याला जायचंय. तुम्ही रंगवलाय ना, झालं मग.

मुग्धा: म्हणजे आता माझ्यावर?

अण्णा: तुझ्यावर नव्हे. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

मुग्धा: पण चौसष्ट दिसल्यावर... चौसष्ट दिसल्यावर तरी बघायला हवं होतं मी. तेव्हा दिवाळी संपली होती. तेव्हा कसली घाई होती मला?

अण्णा: तेव्हा तू खुशीत होतीस.

मुग्धा: गप्प बसा हो! मला समजून घेऊ नका तुम्ही.

सर: काय चाललंय इथे? कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आवाज येतोय. मुग्धा, अगं सोमवारी तुझा सेमिनार, आणि तू इथे नरसिंहरावांशी भांडत बसलीस?

मुग्धा: सर, बरं झालं आलात. हा कागद बघा.

सर: आर्गॉनचा दिसतोय. चाळीस. मग?

मुग्धा: हा तपकिरी सिलिंडरमधून आलाय.

सर: तपकिरी म्हणजे... नाही, नाही. हे कसं शक्य आहे?

मुग्धा: शक्य आहे. अण्णांनी आर्गॉनचा सिलिंडर तपकिरी रंगवला, मी न तपासता वापरला, पेपरवर माझ्या नावामागे तुमचं नाव आहे. जर्मन लोक म्हणतात तेच खरं. चौसष्ट हेलियमनं येत नाही.

सर: नरसिंहराव! हे खरं आहे?

अण्णा: खरं आहे, सर.

सर: अहो, लाज वाटते का काही? बावीस वर्षं मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. पाहुण्यांना सांगत आलो, आमच्या नरसिंहरावांसारखा माणूस भारतात दुसरा नाही. आणि तुम्ही पार तोंडघशी पाडलंत मला! कधी कळलं तुम्हाला?

अण्णा: जानेवारीत.

सर: जानेवारीत! आणि आज सांगताय?

मुग्धा: आजही ते सांगत नव्हते, सर. मी विचारलं.

सर: दार लाव ते. बस. बसा नरसिंहराव तुम्हीही. किती जणांना माहीत आहे हे?

मुग्धा: आपण तिघं. आणि एक सहा वर्षांची मुलगी.

सर: कोण मुलगी?

अण्णा: माझी नात, सर. तिला फुग्यांपुरतंच ठाऊक.

सर: हं. बरं. आता डोकं थंड ठेवा दोघंही. मुग्धा, प्रबंधातलं ते प्रकरण काढ. जिथे जिथे हेलियम आहे तिथे आर्गॉन कर. आकडे तेच राहतील, आकडे खरेच आहेत. परीक्षकांना काही वावगं दिसणार नाही.

मुग्धा: आणि पेपर?

सर: पेपर राहू दे जिथे आहे तिथे.

मुग्धा: म्हणजे खोटा राहू दे?

सर: खोटा काय लगेच! हे बघ, जर्मन त्यांचं छापतील. आपण म्हणू, आमची ऊर्जा वेगळी, आमची डबी वेगळी. असे वाद दहा दहा वर्षं चालतात ग. मग सगळे विसरतात. मी पाहिलंय आयुष्यभर.

मुग्धा: आणि त्या दहा वर्षांत कुणीतरी माझ्यासारखी मुलगी कुठेतरी बसेल, हेलियम भरेल, चौसष्ट शोधत राहील. नाही सापडला की म्हणेल, माझंच चुकतंय. तिची दोन वर्षं पाण्यात. चालेल?

सर: ती मुलगी तुला माहीत नाही. तुझं भलं मला माहीत आहे. कॅनडाची जागा तुला कशावर मिळाली?

मुग्धा: या पेपरवर.

सर: डिसेंबरात जायचंय तुला. पेपर मागे घेतलास की त्यांचं पत्र येईल, "सध्या जागा उपलब्ध नाही." प्रबंध पुन्हा लिहायचा म्हणजे आणखी वर्ष-दीड वर्ष. तुझे बाबा मला परवाच फोनवर विचारत होते, संपलं का एकदाचं म्हणून. काय सांगू त्यांना? आणि ऑक्टोबरात नव्या मशीनसाठी कमिटी बसते आहे. तिच्यापुढे मी काय ठेवलंय? हाच पेपर. तुझ्या मागून येणाऱ्या मुलांना ते मशीन नको का?

मुग्धा: त्या मुलांना मशीन मिळेल, आणि मशीनवर करायचं काय ते आपल्याकडून शिकतील. नाही का सर?

सर: उर्मटपणा पुरे. बरं, कळवायचाच हट्ट असेल तर त्याचीही एक रीत आहे. टेक्निशियनच्या हलगर्जीपणामुळे सिलिंडर बदलला गेला, शास्त्रज्ञांचा दोष नाही, असं लिहू. नरसिंहरावांकडून लेखी घेऊ. म्हणजे तुझी जागा कदाचित वाचेल.

अण्णा: देतो मी लिहून, सर. आत्ता देतो.

सर: बघ. त्यांची तयारी आहे.

मुग्धा: त्यांची असेल! अण्णा, तुम्ही मधे पडू नका. सर, चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणणार होते मी. पण अण्णा काही संन्यासी नाहीत. त्यांनी रंग चुकवला, आठ महिने लपवलं, माझं वाट्टोळं केलं. मी त्यांना सोडणार नाही. पण गॅस न तपासता छापलं कुणी? मी. "दुसऱ्या सिलिंडरनं एकदा करून बघू" असं मी फेब्रुवारीत म्हटलं, तेव्हा "वेळ घालवू नकोस, दुसरं कुणी आधी छापेल" असं कोण म्हणालं?

सर: ते वेगळं.

मुग्धा: काय वेगळं? माझं हावरटपण, तुमची घाई. आणि वर सही अण्णांची?

सर: त्यांना जानेवारीपासून माहीत होतं, मुग्धा! आपल्याला माहीत नव्हतं. हा फरक लहान नाही. नरसिंहराव, तुम्ही एकदा तरी, कुणाला तरी, कुठेतरी हे सांगितलंत का? काही लेखी आहे?

अण्णा: आहे.

सर: काय?

अण्णा: लिहिलं होतं मी. लॉगबुकात.

मुग्धा: कुठल्या लॉगबुकात?

अण्णा: याच. रोजचं. एकोणीस जानेवारी बघ.

मुग्धा: हे काय, सोळा... अठरा... एकोणीस. प्रेशर, पंपाचं तेल, ट्रॅपमधला नायट्रोजन. कुठे आहे? इथे तर हेलियमचं काही नाही.

अण्णा: शेवटला रकाना. शेऱ्याचा.

मुग्धा: हे कन्नडमध्ये आहे.

अण्णा: शेरा मी कन्नडमध्येच लिहितो की. पहिल्यापासून. मराठी माझ्या तोंडात आहे, हातात नाही. आमच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलतात, शाळा मात्र कन्नड.

मुग्धा: काय लिहिलंय?

अण्णा: "कंदु सिलिंडरिनल्लि हीलियम इल्ल. आर्गॉन इदे. तप्पु नन्नदु."

मुग्धा: मराठीत सांगा.

अण्णा: तपकिरी सिलिंडरमध्ये हेलियम नाही. आर्गॉन आहे. चूक माझी.

मुग्धा: आणि खाली ही सही.

अण्णा: तुझी.

मुग्धा: माझी. त्याच दिवसाची.

अण्णा: तू रोज संध्याकाळी करायचीस. पर्स खांद्याला लावून, उभ्या उभ्या. आणि शनिवारी सरांची. ती हिरव्या शाईतली.

सर: मी... अहो, आठवड्याच्या सह्या मी बघून थोड्याच करतो? मला कन्नड बसच्या पाटीपुरतं येतं.

अण्णा: बावीस वर्षं झाली, सर, तुम्हाला बेंगळुरात.

सर: तुम्ही मला शिकवू नका!

मुग्धा: चार वर्षं. चार वर्षं मी या रकान्याखाली सही करतेय. म्हटलं, असेल काहीतरी, फ्यूज गेला, तेल घातलं. अण्णा, इथे लिहायला हात उचलला तुमचा. दोन हातांवर मी बसलेली. मला तोंडानं का नाही सांगितलंत?

अण्णा: खरं सांगूं?

मुग्धा: खोटं पुष्कळ झालं.

अण्णा: तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तिथे लिहिलं. लिहिलं की मनाला समाधान, मी सांगितलं. आणि कुणी वाचायचं नाही, म्हणून भीतीही नाही. तरी तू सही करायला वाकलीस की मी वहीकडेच बघायचो. वाटायचं, आज विचारशील. "अण्णा, हे काय लिहिलंय?" एवढंच विचारलं असतंस तर मी सगळं सांगणार होतो, देवराणे. पंधरा दिवस वाट बघितली. मग पेपर गेला.

मुग्धा: एवढंसुद्धा विचारलं नाही मी.

सर: एक मिनिट. एक मिनिट, इकडे द्या ती वही. हे पान राहायला नको. अहो, उद्या चौकशी झाली तर पहिला प्रश्न येईल, आठ महिन्यांपूर्वी लेखी होतं आणि खाली तुमच्या दोघांच्या सह्या आहेत, मग छापलंत कसं? मुग्धा, तू यातून सुटणार नाहीस. मीही नाही. पान सैल आहे, नीट निघेल.

मुग्धा: सर, वही सोडा.

सर: मुग्धा, मी तुझा गाइड आहे.

मुग्धा: म्हणूनच सांगतेय. सोडा.

सर: वेडी आहेस का तू? कुणासाठी करतेयस हे? यांच्यासाठी? यांनी तुझा गळा कापलाय!

मुग्धा: माहीत आहे! यांच्यासाठी नाही करत. तुम्ही आत्ता पानाला हात घातलात ना, तो बघून करतेय. दहा मिनिटांपूर्वी तुम्ही म्हणत होतात आकडे खरे आहेत. तर या वहीतही खरंच लिहिलंय. एवढी एकच खरी ओळ आहे आपल्या सगळ्या कागदांत, आणि ती आपल्या दोघांना वाचता येत नव्हती.

सर: शब्दांचे खेळ करू नकोस.

मुग्धा: पाच वाजता मी जर्मनीला फॅक्स करतेय. त्याची प्रत जर्नलला. तुमची सही असेल तर बरं. नसेल तर तसं लिहीन.

सर: मी सही करणार नाही.

मुग्धा: इथे केलीत की. हिरव्या शाईत.

सर: सोमवारचा सेमिनार रद्द समज. आणि कॅनडाला मी काही कळवणार नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. तुझ्या बाबांना तूच फोन कर. नरसिंहराव, तुम्ही उद्या सकाळी माझ्या खोलीत या. एकटे.

अण्णा: सरी, सर. येतो.

मुग्धा: गेले.

अण्णा: दार उघडंच ठेवून गेले. रागात असले की ठेवतात. मुग्धा, अजून वेळ आहे ग. मी एकटा घेतो अंगावर. मला काय, चार महिने उरले. तुझं सगळं पुढे आहे.

मुग्धा: अण्णा, एक शब्द बोलू नका दयेचा. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन की नाही तेही माहीत नाही. पुढच्या वर्षी गणपतीला मी तुमच्याकडे येईन असं समजू नका.

अण्णा: नाही समजत.

मुग्धा: कॅनडा गेलं. घरी काय सांगू? आई गेल्या महिन्यात स्वेटर विणायला बसलीय. सांगू, स्वेटर उसव, एका सिलिंडरला रंग चुकीचा लागला?

अण्णा: माझं नाव सांग. मी येतो पुण्याला. तुझ्या आईसमोर बसतो.

मुग्धा: कशाला? तिलाही कन्नड येत नाही. सोडा. कागद द्या इकडे. लिहिते. "आपण विचारल्याप्रमाणे गॅस तपासला. तो हेलियम नव्हता, आर्गॉन होता. आपलं यंत्र साफ होतं. मागच्या पत्रातल्या भाषेबद्दल मला शरम वाटते." पुढे. "सिलिंडर चुकीच्या रंगानं रंगवला गेला होता." इथे तुमचं नाव येतं. मागच्या पत्रात आहेच ते. काय लिहू?

अण्णा: आहे ते लिही. नरसिंहरावानं रंगवला. जानेवारीत त्याला कळलं. त्यानं सांगितलं नाही.

मुग्धा: वहीत लिहिलं होतं, हे?

अण्णा: ते नको लिहूं. ते लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.

मुग्धा: नव्हेच. पण आम्ही दोघांनी न वाचता सह्या केल्या, ते लिहिणारच आहे मी. म्हणजे तेही येणार.

अण्णा: मग फुग्यांचंही लिही.

मुग्धा: फुग्यांचं कशाला? तुमची नोकरी आहे अजून. उद्या सर तेच धरून बसतील.

अण्णा: बसूं देत. जर्मन लोक विचारतीलच ना, तुम्हाला कळलं कसं म्हणून? नातीच्या वाढदिवसाला सरकारी गॅस नेला, फुगे उडाले नाहीत. लिही. एवढा एक प्रयोग तरी मी नीट केला आहे.

मुग्धा: लिहिलं. वाचा, इंग्रजी येतं तुम्हाला. मागच्यासारखं वाचून गप्प बसू नका. चूक असेल तर सांगा.

अण्णा: "टू बलून्स" नव्हे. सहा होते. मग आणखी चार.

मुग्धा: दहा करते. झालं?

अण्णा: झालं. दे इकडे, पाच वाजत आले. लावून येतो.

मुग्धा: आज मी लावते. तुम्ही लॉगबुक भरा, दिवस संपला.

अण्णा: भरलं. प्रेशर, तेल, नायट्रोजन. शेराही लिहिला. सही कर आणि जा, नाहीतर ऑपरेटर घरी जाईल.

मुग्धा: काय लिहिलंय?

अण्णा: वाचून दाखवूं?

मुग्धा: बोट ठेवून वाचा. एकेक अक्षर. सही मी त्यानंतर करीन.